बॉनेट चिकटवून आठ महिने झाले: कडेला कडक, मध्ये मऊ

आमची हॅचबॅक २००५ची, चिपळूणच्या पावसात वीस वर्षं काढलेली. ऐंशीच्या पुढे काटा गेला की बॉनेटचा पत्रा थरथरायचा. लॉक घट्ट, रबरी बफर जागेवर. बॉनेट उघडून खालून टॉर्च मारला तेव्हा कळलं की वरचा पत्रा आतल्या सांगाड्यापासून सुटला आहे.

बॉनेट म्हणजे दोन पत्रे. वरच्या पत्र्याची कड आतल्या सांगाड्यावर दुमडलेली असते आणि मध्ये जागोजाग मऊ गमचे ठिपके असतात. माझ्या गाडीत ते ठिपके इंजिनाच्या उष्णतेने वाळून खडूसारखे झाले होते, पुढची कडही वीतभर उघडली होती. खरा धोका त्या कडेचा. लॉकचा हूक आतल्या सांगाड्याला असतो. त्यामुळे लॉक लागलेलं असलं तरी वारा कडेतून शिरून वरचा पत्रा उचलू शकतो.

डेंटर म्हणाले, "वेल्डिंग करून देतो, पण रंग जळणार." म्हणून फेब्रुवारीत घरीच केलं.

दोन जागांना दोन वेगळे पदार्थ वापरले. कडेसाठी धातू चिकटवणारं, दोन भाग मिसळायचं इपॉक्सी. गंज पॉलिश पेपरने जमेल तितका काढला, थिनरने पुसलं, लाकडी पट्ट्या लावून सी-क्लॅम्पने २४ तास आवळून ठेवलं. खालच्या कडेला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती बुजू दिली नाहीत. ती बंद झाली तर पाणी आतच साठतं आणि कड पुन्हा गंजते.

मध्ये मात्र इपॉक्सी नको. ते कडक होतं, आणि पातळ पत्र्यावर त्याचा डाग वरून खड्ड्यासारखा उमटतो. तिथे गाडीची काच बसवणारे वापरतात तो पीयू (पॉलियुरेथेन) गम घेतला. वाळल्यावरही पीयू रबरासारखं राहतं, म्हणून पत्रा तापून फुगला तरी सुटत नाही. जुना गम प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडला. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, पण धुळीवर पीयू धरतच नाही. सांगाड्याच्या भोकांतून, फटीपेक्षा जरा उंच असे ठिपके दिले, बॉनेट हळूच टेकवलं आणि वर तांदळाच्या छोट्या पिशव्या ठेवल्या. उजवीकडे वजन जास्त झालं. तिथला हलका दबलेला भाग सकाळच्या तिरप्या उन्हात अजून दिसतो. वजन फक्त टेकण्यापुरतंच द्या.

पीयू हवेतल्या दमटपणाने वाळतं. दोन पत्र्यांच्या मध्ये हवा कमी पोचते, म्हणून पाच दिवस गाडी जागची हलवली नाही. हा धीर धराच.

त्यानंतर एप्रिल-मेचं ऊन, जून ते सप्टेंबरचा पाऊस, कराडच्या सात-आठ फेऱ्या. शंभरच्या वेगालाही थरथर नाही. तळहाताने ठोकलं की आता पोकळ आवाज येत नाही, पत्रा भरीव बोलतो. घाटात समोरून ट्रक गेला तरी बायको आता बॉनेटकडे बघत बसत नाही, याचं मला फार समाधान आहे.

ज्यांच्या गाडीची कड गंजून चाळणी झाली आहे किंवा बिजागरीजवळचा सांगाडाच सुटला आहे, त्यांनी मात्र चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. दुसरं बॉनेट शोधावं. वाऱ्याने उघडलेलं बॉनेट थेट काचेवर येतं.

पुढची कड दर महिन्याला अंगठ्याने दाबून पाहतो. डाव्या कोपऱ्यात बारीक तांबूस रेघ दिसायला लागली आहे. दिवाळीनंतर तेवढा भाग घासून पुन्हा प्राइमर लावणार.