उत्तर नॉर्वेची ‘मराठी ग्रुप टूर’: आमचे पैसे कसे बुडाले

ट्रॉम्सोहून सेन्या बेट, तिथून फेरीबोटीने अँडेनेस, पुढे गाडीने लोफोटेन बेटांवरच्या रेने गावापर्यंत. सोबत मराठी बोलणारा गाइड आणि मुक्काम रोरबूत, म्हणजे पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या कोळ्यांच्या लाल लाकडी घरांत. फेब्रुवारीतल्या या सहलीची जाहिरात पुण्या-ठाण्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर आली असेल. ही सहल काढणाऱ्या माणसाने आम्हाला लुबाडलं. त्याने पुन्हा नव्या तारखा काढल्यात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

फोनवर बोलणं अत्यंत आदबशीर. माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, थर्मल कुठून घ्यायचे ते सांगायचा. पैसे मात्र त्याने एका वैयक्तिक खात्यावर, दोन हप्त्यांत मागवले. कारण दिलं, ‘टीसीएस वाचेल ताई, तुमचाच फायदा.’ हे वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबा. टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा आयकर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर 2020 पासून विकणाऱ्याला तो घ्यावाच लागतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याकडच्या आपल्या कर-विवरणात (26एएस) दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. म्हणजे त्यात आपलं काही बुडत नाही. तो टाळला की बुडतो तो पुरावा: आपण याच माणसाकडून सहल विकत घेतली याची सरकारदरबारी नोंदच राहत नाही.

ट्रॉम्सोच्या विमानतळावर मराठी गाइड नव्हता. एक तरुण ड्रायव्हर आमच्या नावाचा कागद धरून उभा होता. पोरगा भला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. सेन्यावर त्याने बेर्ग्सबोटनच्या फळ्यांच्या गॅलरीपाशी गाडी थांबवली. खाली काळंभोर फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, आणि पाण्यातून थेट वर गेलेले डोंगर बघून सासूबाई कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. मग आम्ही ग्रिलेफ्योरच्या धक्क्यावर पोचलो. धक्का रिकामा. बर्फावर एका चाकाची खूण नाही, तिकीटघर बंद. अँडेनेसची ती फेरी उन्हाळ्यापुरतीच असते, हिवाळ्यात सुटतच नाही. जाहिरातीत मात्र तिचा फोटो होता, कार्यक्रमपत्रिकेत वेळसुद्धा छापलेली होती.

ड्रायव्हरने आयोजकाला फोन लावला, तो उचलला गेला नाही. तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं. त्याला फक्त विमानतळ, एक रात्र अरोरा (आकाशातले ध्रुवीय प्रकाश) आणि सेन्या एवढ्याचेच पैसे ठरले होते, आणि तेही अर्धेच मिळाले होते. लोफोटेनचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय पैसे घेऊन प्रवासी न्यायला नॉर्वेत परवाना लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. म्हणजे त्या निसरड्या रस्त्यावर अपघात झाला असता तर विम्याचं काय झालं असतं, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

रस्त्याने लोफोटेन म्हणजे उलटं फिरून शेकडो किलोमीटरचा फेरा, तोही अंधारात. ड्रायव्हरने आम्हाला फिन्स्नेस बंदराला आणून सोडलं आणि एक रस्ता दाखवला: बेर्गन ते किर्केनेस चालणारी किनाऱ्याची बोट. ही सेवा 1893 पासून आहे, फिन्स्नेसला पहाटे थांबते, आणि दोन बंदरांपुरतं तिकीट काढून कुणालाही चढता येतं. संध्याकाळी तिने आम्हाला लोफोटेनमधल्या स्वोल्वेरला उतरवलं.

रेने तिथून शंभरावर किलोमीटर. निघण्याआधी मी रोरबूवाल्यांना फोन केला. बाईंनी शांतपणे सांगितलं, या नावाचं बुकिंग होतं, पण रद्द झालंय. तारीख विचारली, तर आमचे व्हिसाचे शिक्के हातात पडल्याच्या दुसऱ्याच दिवशीची! व्हिसाच्या फाइलला जोडायला मोफत रद्द होणारं बुकिंग करायचं, शिक्का पडला की रद्द करायचं, आणि व्हाउचरची तीच पीडीएफ गिऱ्हाइकाला दाखवत राहायचं, अशी ही युक्ती. उरलेले सगळे मुक्काम आम्ही पुन्हा खिशातून भरले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, व्हाउचरवर विश्वास ठेवू नका. निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येक हॉटेलला स्वतः फोन किंवा ईमेल करा. फेरीबोटींचं वेळापत्रक त्या महिन्याचं बघा. आणि तिकडे गाडी कोण चालवणार, त्या कंपनीचं नाव आणि नऊ आकडी नोंदणी क्रमांक मागा. नॉर्वेतल्या ब्रोन्योयसुंदच्या सरकारी कंपनी-नोंदवहीत तो कुणालाही ऑनलाइन फुकट तपासता येतो. खरा धंदा करणाराला हे विचारलेलं खटकत नाही. आमच्या आयोजकाने हा प्रश्न ‘विश्वास नाही का?’ म्हणत उडवून लावला होता.

परतल्यावर आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांचा पहिला प्रश्न पावतीचा होता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, आयोजकाचं ऑफिस कुठेही असो. एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्रही दाखल करता येतो. आमचा दावा तयार होतोय. या सहलीत तुमचेही पैसे गेले असतील तर बँकेचं स्टेटमेंट, चॅट आणि ती कार्यक्रमपत्रिका पुसू नका, आणि मला कळवा.