हमिंगबर्डसाठी घरचं साखरपाणी: साडेपाच महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या मागच्या अंगणात एप्रिलच्या अखेरीस हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यांसाठी फीडर, म्हणजे साखरपाण्याचं भांडं, टांगला आणि तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरवला. एवढ्या दिवसांत पाणी बनवायला मला कधीच त्रास झाला नाही. सगळी मेहनत आहे ती भांडं धुण्यात, आणि ती जमणार नसेल तर फीडर न लावलेलाच बरा.

कृती एवढीच: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. गरम पाण्यात साखर विरघळवायची, पूर्ण गार करायचं, उरलेलं बाटलीत भरून फ्रिजमध्ये. मी ते आठवड्यापलीकडे ठेवत नाही. आई तेव्हा रत्नागिरीहून आली होती. गॅसजवळ येऊन म्हणाली, "अगं, एकतारी तरी होऊ दे की!" पण इथे पाक करायचाच नाही. या पक्ष्यांना आवडणाऱ्या फुलांतला रसही साधारण एवढाच गोड असतो. मग तिने गूळ सुचवला. गूळ आणि ब्राऊन शुगर दोन्ही नकोत, त्यांतलं लोह या पक्ष्यांना बाधतं. मध पाण्यात लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते. लाल रंग घालायची तर अजिबात गरज नाही, भांड्याचा लाल भाग त्यांना लांबूनही दिसतो.

पहिला फीडर मी उलट्या बाटलीचा घेतला होता आणि तिथेच चुकले. उन्हात बाटलीतली हवा तापून फुगते आणि पाणी ठिबकत राहतं. खाली मुंग्यांची रांग लागली, भोकांभोवतीच्या पिवळ्या प्लास्टिकच्या फुलांवर गांधीलमाश्या बसू लागल्या. जुलैत आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो. परत आले तेव्हा पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ झालेलं, आंबूस वास येत होता आणि भोकांच्या आतल्या कडेला काळी बुरशी धरली होती. तेवढ्यात मादी आली, चोच घातली आणि लगेच मागे सरकून निघून गेली. मला फार वाईट वाटलं. आपण बोलावलं म्हणून ती आली होती.

त्याच आठवड्यात बशीच्या आकाराचा फीडर आणला. भोकं वरच्या झाकणाला आणि पाणी त्यांच्या खाली, त्यामुळे हमिंगबर्डची लांब जीभ पोचते, माशीची पोचत नाही. मधोमध छोटी वाटी आहे, तिच्यात साधं पाणी भरलं की वरून येणाऱ्या मुंग्या तिथेच अडतात. उघडून धुताही येतो. कडक उन्हाळ्यात मी दर दोन दिवसांनी पाणी बदललं, हवा थंड झाल्यावर चार दिवसांनी. साबणाऐवजी गरम पाणी आणि थोडं व्हिनेगर, भोकांसाठी बारीक ब्रश. भांडं अर्धंच भरा, नाहीतर बरंच पाणी फेकावं लागतं.

पहिली मादी मे महिन्यात आली, तेव्हा आई खिडकीशी होती. "शिंजीर!" ती ओरडलीच. कोकणात जास्वंदीवर शिंजीर बघत वाढलेल्या माणसाला तसंच वाटणार. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात. शिंजीर बहुधा फांदीला धरून रस पितो, ही मात्र हवेत एका जागी तरंगत पीत होती, मध्येच उलटी मागे सरकत होती. पंखांचा आवाज भुंग्यासारखा. आमच्याकडे येणारी जात रुबी-थ्रोटेड, वजन जेमतेम तीन ग्रॅम. गळ्याचा झगझगीत लाल रंग फक्त नराला असतो, तोही ऊन नेमक्या कोनातून पडलं तरच चमकतो. सावलीत तो काळाच दिसतो.

ऑगस्टमध्ये एक नर फीडर अडवून बसायचा, मादी आली की तिच्या अंगावर जायचा. घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या नजरेआड, दुसरा फीडर लावला तेव्हा कुठे तिला निवांत पिता आलं. नुसत्या साखरेवर मात्र यांचं भागत नाही. चिलटं, बारीक कोळीही लागतात, म्हणून मी बागेत कीटकनाशक फवारणं बंद केलं आणि बी बाम या फुलझाडाची रोपं लावली.

फीडर राहिला तर पक्षी दक्षिणेकडे जायचे थांबतात, असं मला शेजारणीने सांगितलं होतं. तसं होत नाही. दिवस लहान होऊ लागले की ते निघतात. आमची शेवटची मादी सप्टेंबरच्या अखेरीस दिसली. मी तरी पुढे दोन आठवडे पाणी ठेवलं, उत्तरेकडून उशिरा येणाऱ्या एखाद्यासाठी. पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यालाच टांगणार आहे, नर आधी पोचतात.