शेवाळ वेफर : खाद्य म्हणून चांगले, दावा मात्र अर्धवट

शेवाळ खाणारा मासा टाकीत सोडला की त्याच्या पोटाची सोय आपोआप होते, असे समजून प्लेको (तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा) पाळणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात नीट देखभाल असलेल्या घरगुती टाकीत एका वाढत्या माशाला पुरेल एवढे शेवाळ उगवतच नाही आणि काच एकदा चाटूनपुसून झाली की बिचारा उपाशी राहतो. ही तूट भरून काढण्यासाठी बुडणारे शेवाळ वेफर मिळतात. ब्रिसलनोज या लहान जातीच्या प्लेकोचे रोजचे खाद्य म्हणून ते कितपत पुरे पडतात, एवढ्याच कसोटीवर मी ते पाहिले.

वेफर कडक, चपटा आणि गर्द हिरवा असतो, आणि पाण्यात टाकताच तळाशी जातो. ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण तरंगते खाद्य वरचे मासेच फस्त करतात. प्लेको निशाचर असल्याने वेफर दिवे मालवल्यावर टाकावा. थोड्याच वेळात मासा लाकडाखालून बाहेर येतो, वेफरवर चोखणीसारखे तोंड टेकवतो आणि कडेपासून तो खरवडू लागतो. दुसरा मासा जवळ आलाच, तर अंग आडवे घालून त्याला हुसकावतो. दोन-तीन तासांत वेफर फुगतो, पण लगेच विरघळत नाही, त्यामुळे सावकाश खाणाऱ्या माशालाही पुरेसा अवधी मिळतो. सकाळपर्यंत मात्र उरलेल्या तुकड्याचा लगदा होतो. वाळूवरून तो नळीने सहज ओढून घेता येतो. जाड खड्यांच्या फटींत शिरला, तर तिथेच कुजून अमोनिया वाढवतो. म्हणून सुरुवात अर्ध्या वेफरने करावी.

घटकांची यादी वाचल्यावर माझा उत्साह जरा ओसरला. अशा याद्या सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेल्या असतात आणि इथे पहिला मान माशांच्या भुकटीला, दुसरा गव्हाच्या पिठाला मिळाला आहे. ज्या स्पिरुलिनाचे (निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळाचे) चित्र पाकिटावर ठळकपणे छापले आहे, ती बरीच खाली आहे. ब्रिसलनोजचे आतडे लांब आणि वेटोळे असते व त्याचा मूळ आहार शेवाळ आणि सेंद्रिय गाळ हा असतो. त्यामुळे केवळ अशा वेफरवर त्याला ठेवणे मला पटत नाही. उकळत्या पाण्यातून काढलेली झुकिनी किंवा पालक आठवड्यातून काही वेळा द्यावा आणि टाकीत ड्रिफ्टवुडचा, म्हणजे पाण्यात मुरलेल्या लाकडाचा, एखादा ओंडका कायम असावा. मासा काचेला चिकटला की त्याचे पोट समोरून दिसते: ते किंचित गोलसर असावे. खपाटीला गेले असेल, तर खाणे कमी पडते आहे. टम्म फुगले असेल, तर वेफर आवरते घ्यावेत.

पाकिटावर हे खाद्य तळाच्या सगळ्याच माशांसाठी असल्याचे म्हटले आहे. कॉरीडोरास ते आवडीने खातात, पण ते मुळात शेवाळ खाणारे मासे नाहीत आणि त्यांना मांसाहारी गोळ्याच अधिक मानवतात. ओटो हे जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचे, शेवाळ खाणारे मासे बहुधा वेफरकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना पानांवर साचणारा मऊ थर लागतो, म्हणून ते जुन्या, स्थिरावलेल्या टाकीतच सोडावेत. साध्या प्लेकोचा प्रश्न खाद्याचा नसून जागेचा आहे. ब्रिसलनोज साधारण 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबतो, तर बोटभर असताना विकला जाणारा साधा प्लेको 30 सेंटिमीटरच्याही पुढे जातो आणि घरातली बहुतेक टाकी त्याला अपुरी पडते.

वेफर खाणारे मासे टाकी लखलखीत ठेवतात, हा दावा तर सरळ सोडून द्यावा. पोट भरलेला प्लेको काचेकडे कमीच वळतो, काळ्या दाढीसारख्या शेवाळाला तो सहसा तोंड लावत नाही, आणि त्याची स्वतःची विष्ठा इतकी असते की फिल्टर व पाणीबदल या दोन्हींत हयगय चालत नाही.

घ्यायचे असल्यास लहान पाकीट घ्यावे. उघडल्यावर त्यातले मेद आणि जीवनसत्त्वे हळूहळू खराब होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवूनही वेफरला खवट वास येऊ लागला, तर ते टाकून द्यावेत.