वडाचं बोन्साय: बी पेरायचं, छाट लावायची की गुटी बांधायची?

नर्सरीत 'वडाचं बोन्साय' म्हणून फुगीर मुळांचं, लहान चकचकीत पानांचं जे झाड मिळतं, ते बहुतेकदा फायकस मायक्रोकार्पा असतं. आपला वड म्हणजे फायकस बेंगालेन्सिस. त्याचं पान 10 ते 20 सेंटिमीटर लांब आणि दोन पेरांमधलं अंतरही मोठं, त्यामुळे वीतभर उंचीत तो शोभत नाही. दीड-दोन फुटांचं झाड करायचं, असं धरूनच सुरुवात करा. आणि सुरुवात कशाने करायची हे ठरवताना शेंड्याचा विचार करू नका, बुंध्याचा करा. फांद्या छाटून पुन्हा आणता येतात. बुंध्याभोवती मुळं कशी पसरली, हे मात्र पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच ठरून जातं.

बियांच्या रोपाला इथेच तोड नाही. मुळं चहूबाजूंनी फुटतात, खोड खाली जाड आणि वर निमुळतं होतं, कुठेही कापल्याचा मोठा व्रण राहत नाही. बदल्यात वेळ द्यावा लागतो: अंगठ्याएवढ्या खोडासाठी तीन-चार वर्षं, दाखवण्याजोग्या झाडासाठी आठ-दहा.

लाल, मऊ होऊन आपोआप गळलेली फळंच घ्या. पाण्यात कुस्करून फडक्यातून गाळा आणि गर पुन्हा पाण्यात सोडा. बी खसखशीएवढं बारीक असतं. परागीभवन करणारा बारीक कीटक फळातच वाढतो, आणि त्याने पोखरलेले पोकळ दाणे वर तरंगतात. ते ओतून द्या, तळाशी बसलेले सावलीत दिवसभर वाळवा. चाळलेला विटांचा चुरा आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेऊन ते ओलं करा आणि त्यावर बी नुसतं भुरभुरा. मातीने झाकू नका. बहुतेक बी याच चुकीने वाया जातं, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. वरून काच ठेवा, पाणी कुंडीच्या तळातून द्या. ताजं बी उबेत दोन ते चार आठवड्यांत उगवतं. पहिली दोन पानं इतकी इवलीशी असतात की वरून पाणी ओतलं तर रोप मातीत लोळतं. काच सतत बंद राहिली तर बुरशी लागून रोपं देठाशी काळी पडतात आणि एका रात्रीत कोलमडतात, म्हणून उगवण दिसताच काच थोडी सरकवा.

रोप वीतभर झालं की पावसाच्या तोंडावर उपटून सोटमूळ अर्ध्यावर कापा आणि खाली कौलाचा सपाट तुकडा ठेवून लावा, म्हणजे मुळं आडवी पसरतात. हे टाळलं तर बियांपासून वाढवल्याचा फायदाच उरत नाही. पुढची तीन-चार वर्षं मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत मोकळं वाढू द्या. उथळ ट्रेमध्ये लवकर बसवलेल्या रोपाचं खोड बारीकच राहतं.

छाट कलम सगळ्यात सोपं. जूनमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीची, फूटभर लांब फांदी घ्या, चीक धुवा, काप तासभर सुकू द्या, मग वाळू मिसळलेल्या मातीत लावा. जाडी पहिल्या दिवसापासून हातात असते. पण दोन-तीन मुळं एकाच बाजूला फुटतात आणि बुंधा खांबासारखा सरळसोट दिसतो. काप तिरका घेतला तर मुळं खालच्या टोकाशीच गोळा होतात, म्हणून तो आडवा, सपाट घ्या.

गुटी, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडून मग ती कापून घेणं, या दोहोंच्या मधली, आणि पहिलंच झाड करणाऱ्याने हीच निवडावी असं आमचं मत आहे. फांदीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट रुंदीची साल गोलाकार काढा आणि खालचा ओला, निसरडा थर चाकूने खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळं फुटतच नाहीत. ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधा. पावसाळ्यात पाच ते आठ आठवड्यांत मुळं दिसू लागतात. पांढरी मुळं तपकिरी व्हायला लागली की खालून कापा आणि तीन आठवडे सावलीत ठेवा. वर्तुळाकार मुळं आणि जाड खोड, दोन्ही मिळतं. बियांच्या खोडासारखा निमुळतेपणा मात्र नाही.

भिंतीत उगवलेलं रोप फुकट मिळतं आणि त्याचा पीळ बघून मोह होतो. पण भेगेत मुळं चपटी, एकाच दिशेला गेलेली असतात आणि ओढताना तुटतात. भिंत पाडली जात असेल आणि मालकाची परवानगी असेल, तरच घ्या.

पारंब्यांचा या निवडीशी संबंध नाही, त्या दमट हवेवर अवलंबून असतात. कोकणात सहज सुटतात. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत पारंबीचं टोक दिसताच त्यावर उभी चिरलेली, ओलं मॉस भरलेली नळी चढवून ती मातीपर्यंत न्यावी लागते.