टाउरी 2 आणि स्वेल्टकिट: डेव्हमध्ये पळतं, बिल्डमध्ये अडतं

वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवणाऱ्या टाउरी या साधनाची 2 ही स्थिर आवृत्ती ऑक्टोबर 2024 मध्ये आली. ब्राउझरचं इंजिन ते ऑपरेटिंग सिस्टिमचंच वापरतं, म्हणून इन्स्टॉलर काही एमबीतच आटोपतो. इथवर तक्रारीला जागा नाही. पण ॲप स्वेल्टकिटचं (वेब ॲप बनवण्याची चौकट) असेल आणि त्यात सर्व्हरवर चालणारे भाग, म्हणजे फॉर्म ॲक्शन, सर्व्हर लोड किंवा 2025 मध्ये प्रायोगिक म्हणून आलेली रिमोट फंक्शन्स असतील, तर हिशेब वेगळा.

डेव्ह मोडमध्ये, म्हणजे ॲप बनवताना, सगळं सुरळीत दिसतं, कारण खिडकी तेव्हा 5173 पोर्टवरच्या व्हीटे या डेव्हलपमेंट सर्व्हरकडे बघत असते आणि तिथे खराखुरा सर्व्हर असतो. बिल्डमध्ये, म्हणजे वाटायला तयार झालेल्या ॲपमध्ये, उरतात फक्त स्टॅटिक फायली. अशा वेळी सापेक्ष पत्त्यावर (होस्टचं नाव न लिहिता) फेच मारला, म्हणजे डेटा मागवला, तर 404 (‘सापडलं नाही’) सुद्धा येत नाही! न सापडलेल्या पाथला टाउरी इंडेक्स पान देतं, स्टेटस 200 (‘सगळं ठीक’). मग ते उत्तर जेसन (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) समजून वाचताना विंडोजवर ‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ आणि मॅकवर ‘अनरेकग्नाइज्ड टोकन <’ अशी एरर पडते. लोक तासन् तास पार्सरला दोष देत बसतात. तो ‘<’ एचटीएमएलचा आहे, हे आधी ओळखा.

उपाय असा: स्वेल्टकिटचा स्टॅटिक अडॅप्टर (फक्त स्टॅटिक फायली काढणारा) लावा, फॉलबॅक पान द्या, एसएसआर (सर्व्हरवर पान तयार करणं) बंद करा, सर्व्हरचा भाग वेगळा होस्ट करा आणि कॉलला पूर्ण पत्ता द्या. आता कॉर्स, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनला (स्कीम, होस्ट आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता) केलेल्या कॉलवरचं ब्राउझरचं बंधन, आडवं येतं. मॅक आणि लिनक्सवर ओरिजिन ‘टाउरी://लोकलहोस्ट’ असतं, विंडोजवर ‘एचटीटीपी://टाउरी.लोकलहोस्ट’. सर्व्हरवर दोन्हींना परवानगी हवी. विंडोजवर एचटीटीपीएस स्कीमचा पर्याय आहे, पण तो पहिल्या रिलीजआधीच ठरवा. नंतर बदललात तर ओरिजिन बदलतं आणि वापरकर्त्याचं लोकल स्टोरेज रिकामं दिसतं.

कॉर्सच नको असेल तर टाउरीचं एचटीटीपी प्लगइन घ्या. रिक्वेस्ट टाउरीच्या रस्ट भाषेतल्या भागातून जाते, वेबव्ह्यूचा (ॲपच्या खिडकीतल्या ब्राउझरचा) संबंध येत नाही. केपेबिलिटीच्या (परवानग्यांच्या) फायलीत पत्ता नोंदवावाच लागतो, नाहीतर ‘यूआरएल नॉट अलाउड’ ठरलेलं. पोर्ट नेहमीचा नसेल तर तोही लिहा, बहुतेक वेळा तोच राहून गेलेला असतो. शिवाय प्लगइनला मिळालेली कुकी वेबव्ह्यूच्या डब्यात पडत नाही. लॉगिन कुकीवर उभं असेल तर टोकन हेडरमध्ये पाठवणं बरं. पोस्ट करताना फॉर्म-डेटा टाळून जेसन पाठवा. स्वेल्टकिटची सीएसआरएफ (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बनावट रिक्वेस्ट रोखणारी) तपासणी परक्या ओरिजिनचा फॉर्म 403 देऊन परत पाठवते, जेसनला ती हात लावत नाही.

नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) सर्व्हर साइडकार, म्हणजे ॲपसोबत चालणारा वेगळा प्रोग्राम, म्हणून सोबत देता येतो, पण मग हलकेपणा गेलाच. बायनरीच्या नावाला टार्गेट ट्रिपलचं (प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम सांगणाऱ्या नावाचं) शेपूट, पोर्ट आधीच कुणी धरलेला, खिडकी बंद झाल्यावर मागे चालत राहिलेली प्रोसेस, हे सगळं निस्तरायचं तुम्हीच.

याबाबतीत इलेक्ट्रॉन (ब्राउझर आणि नोड सोबतच घेऊन येणारं, टाउरीसारखं साधन) सरस आहे. आवृत्ती 25 पासून ‘प्रोटोकॉल.हँडल’ला वेबची रिक्वेस्ट मिळते आणि ते रिस्पॉन्स मागतं. स्वेल्टकिटच्या सर्व्हरचं ‘रिस्पॉन्ड’ नेमकं हेच करतं. दोघांची गाठ मारली की पोर्ट न उघडता कॉल चालतात. त्यासाठीची आपली स्कीम (पत्त्यातला ‘://’ आधीचा भाग) मात्र ॲप रेडी होण्याआधी स्टँडर्ड, सिक्युअर आणि फेचसकट नोंदवा.

सर्व्हर तसाही दूर कुठेतरी असेल तर टाउरी बेलाशक घ्या. सर्व्हरचा कोड ॲपच्या पोटातच चालवायचा असेल, तर इलेक्ट्रॉनच्या शंभरावर एमबी सोसा.