बंबलबी धरायची नळी: सहा महिने वापरून

मार्चमध्ये घेतलेली ही नळी सप्टेंबर आला तरी रोज खिशात असते. वस्तू साधी. पारदर्शक प्लास्टिकची नळी, एका तोंडाला जाळी, दुसऱ्या बाजूने फोम लावलेला दट्ट्या. मधमाश्या पाळणारे राणीवर रंगाचा ठिपका द्यायला ती वापरतात. मी घेतली लेस्टरला आमच्या भाजीच्या वाफ्यांवर येणाऱ्या बंबलबी, म्हणजे जाड, केसाळ माश्या, ओळखायला.

लहानपणी लाकूड पोखरणारा काळा भुंगा तेवढा ठाऊक होता. इथे ब्रिटनमध्ये बंबलबीच्याच 24 जाती, आणि नुसत्या पट्ट्यांवरून नाव ठरवलं की हमखास फसगत होते. शिवाय उन्हाने केसांचा रंगही विटतो.

जूनमध्ये लाल शेपटीची एक काळी कामकरी माशी धरली. दट्ट्या अलगद सरकवला, तसा तिने मधला पाय वर उचलला. जवळ येऊ नकोस, असं सांगायची तिची ती पद्धत. दहापट भिंग लावलं. मागच्या पायावरच्या परागटोपलीच्या, म्हणजे पराग साठवायच्या जागेच्या, कडेचे केस काळेभोर होते, म्हणजे जात बॉम्बस लॅपिडेरियस. तांबूस असते तर रुडेरारियस, आणि ती आता फार कमी उरली आहे. फुलावर हलणाऱ्या माशीत हे केस मला कधीच दिसले नसते. टोपली परागाने भरलेली असली तर मात्र नळीतही नीट दिसत नाहीत.

हॉर्टोरम आणि जोनेलस या जातींचं तसंच. दोघींना तीन पिवळे पट्टे, पांढरी शेपटी. जाळीपाशी तोंड आलं की उलगडा होतो: हॉर्टोरमचं लांबोळकं, जोनेलसचं गोल. टोपलीच नसेल तर मी मिशांचे खंड मोजते. 13 भरले तर नर. 12 भरले तर दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणारी मादी.

ल्युकोरम, क्रिप्टारम आणि मॅग्नस यांच्या कामकरी माश्या मात्र डीएनए तपासल्याशिवाय वेगळ्या सांगता येत नाहीत. टेरेस्ट्रिसच्या कामकरीही त्यांच्यात सहज मिसळतात. अशा वेळी वहीत मी फक्त गटाचं नाव लिहिते, आणि तेच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

वसंतात राणी एकटीच घरटं उभारत असते. तिला दोन मिनिटांच्या वर अडकवू नका, उन्हात तर मुळीच नाही.

तक्रारी दोन. प्लास्टिकवर लवकर ओरखडे पडतात, फोटो धुरकट येतात. आणि जुलैत फोमचा डिंक सुटला. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी भांडी घासायचा नवा स्पंज गोल कापून बसवला. तो अजून घट्ट आहे.