प्रमाण विसरणारी चौकट: फोटो-संपादनाच्या एका ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी काढलेला एक फोटो गेल्या महिन्यात मी 8×12 इंचांत छापून घेतला आणि पाकिटातून प्रिंट काढताच दिसले, की टोपलीपाशी बसलेल्या कोळीणबाईंची पावले कापली गेली आहेत. मागच्या होडीच्या डोलकाठीचे टोकही गेले होते. मी लॅबवाल्यांशी वाद घातला, तेव्हा त्यांनी शांतपणे फाइलचे माप दाखवले. फाइल 3900×3100 पिक्सेलची आणि कागद 3:2 प्रमाणाचा, म्हणजे लांबी रुंदीच्या दीडपट. कागद पूर्ण भरायचा तर उंचीतले 500 पिक्सेल जाणारच होते, आणि ते वरून-खालून निम्मे निम्मे गेले.

दोष ॲपचा होता. वर्षाची वर्गणी घेणारे हे ॲप क्रॉपचे, म्हणजे फोटोच्या कडा कापण्याचे, साधन उघडताना दर वेळी आधी निवडलेले प्रमाण विसरते आणि कोणत्याही प्रमाणात ओढता येणाऱ्या मुक्त चौकटीवर येऊन थांबते. पंधरा फोटो ओळीने क्रॉप करायचे असतील, तर पंधरा वेळा 3:2 निवडून ते प्रमाण बदलू नये म्हणून कुलूप लावावे लागते, आणि एकदा जरी विसरले तरी प्रिंटचे पैसे वाया जातात. मी दोनदा तक्रार पाठवली. सूचना नोंदवल्याचे उत्तर आले, त्यानंतर दोन अपडेट आले, पण चौकट अजून तशीच सुटते. पैसे मोजून घेतलेल्या साधनाने एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवू नये, याचा मला मनापासून राग येतो.

त्या रात्री मी वर्गणी बंद करण्याच्याच विचारात होतो, कारण फोनच्या गॅलरीत क्रॉप फुकट होतो. मात्र फोटो दुरुस्त करायला ॲप उघडले, तेव्हा मूळ 6000×4000 पिक्सेलचे चित्र जसेच्या तसे समोर आले. इथे क्रॉप ही केवळ नोंद असते, मूळ फाइलला कात्री लागत नाही. माझ्या जुन्या फोनच्या गॅलरीत ‘सेव्ह’ दाबल्यावर मूळ फोटो कायमचा गेल्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे, त्यामुळे या एका सोयीपुढे माझे मत बरेच बदलले.

पहिल्या वेळी मी उजवीकडची लिलावाची गर्दी आणि डाव्या कोपऱ्यातले निळे प्लास्टिकचे पिंप तेवढे काढले होते; आभाळाचा रंग सुंदर होता म्हणून ते सगळे ठेवले होते. आता 3:2 चे कुलूप लावल्यावर निवड करणे भागच पडले आणि मी ते 500 पिक्सेल पूर्णपणे आभाळातून घेतले. डोलकाठी आणखी खाली कापली गेली, पण टोक चुकून निसटल्यासारखे दिसण्यापेक्षा ते बरे वाटले, आणि खाली पावलांपुढची ओली वाळू परत आली. मग रुंदी तीच ठेवून चौकट आडवी सरकवली. चेहरा मधोमध आला, तेव्हा चित्र ओळखपत्रासारखे झाले. पाठीमागे मोकळी जागा ठेवली, तेव्हा बाई काम आटोपून बसल्यासारख्या दिसल्या. त्यांची नजर समुद्राकडे, म्हणजे उजवीकडे आहे. ती बाजू मोकळी सोडल्याबरोबर त्या कोणाची तरी वाट पाहत आहेत असे वाटू लागले. चौकट जेमतेम बोटभर सरकली होती. क्षितिजाचा कल मात्र आधीच काढून घ्यावा, कारण फोटो सरळ करताना कोपरे खाल्ले जातात.

छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दाने 5 मार्च 1960 रोजी हवानात टिपलेल्या क्रांतिकारक चे गेवाराच्या प्रसिद्ध फोटोत मुळात एका बाजूला दुसरा माणूस आणि दुसऱ्या बाजूला ताडाची पाने होती. ती काढल्यावर त्या चेहऱ्याला एकटेपणाचे वजन आले. माझ्या फोटोतही तेच झाले आणि त्यामुळे थोडी अस्वस्थताही आली, कारण त्या बाई प्रत्यक्षात भर गर्दीत बसल्या होत्या. घरच्या भिंतीसाठी मला हे चालते. बंदराविषयीच्या लेखासोबत मी मूळ चौकटच देईन.

24 मेगापिक्सेलपैकी सुमारे 10 उरले, तरी 12 इंचांच्या रुंदीला इंचामागे 325 पिक्सेल मिळाले आणि दुसऱ्या प्रिंटमध्ये टोपलीची वीणसुद्धा स्पष्ट उमटली. वर्गणीची मुदत दिवाळीला संपते. मूळ फाइल सांभाळण्याच्या सोयीसाठी मी ती पुन्हा भरणार आहे, पण वर्षाची नाही, महिन्याची. आणि प्रमाणाबद्दलची तिसरी तक्रार आजच पाठवली आहे.